खाली न बघता

फ्लेक्स उलटा अंथरला होता. अक्षरं जमिनीकडे, पांढरी पाठ वर. रंजितानं त्यावर पावडर भुरभुरली, चार वाट्या पालथ्या घातल्या आणि लाकडी चेंडू काठीच्या पात्याशी घेतला. चौदा वर्षांत तिनं बर्फ पाहिला होता तो नंदुरबारच्या गोळ्याच्या गाडीवर. घरातलं बर्फाचं मैदान हे एवढंच.

टक. टक. टक-टक.

चेंडू वाट्यांमधून फिरू लागला. एकाही वाटीला शिवत नव्हता. रंजिताची मान ताठ आणि नजर समोर, भिंतीवरच्या थोरल्या भावाच्या, नवनीतच्या फोटोवर. फोटोला हार होता. फोटोतला नवनीत सतरा वर्षांचा होता.

बाहेर ओट्यावर शेजारची नानीबाई मिरच्यांची देठं खुडत बसली होती.

"भाकर थापाले सांगी देखा, हिना हात दुखतस. आनि काठी कशी फिरी ऱ्हायनी देखा!"

"नानीबाई, लेहले भाकर नही ऱ्हास."

"तं काय बर्फ खाशी का पंधरा दिन?"

रंजिता हसली. हसतानाही चेंडू सुटला नाही.

तिची आई, नर्मदा, आत तांदळाच्या डब्याशी बसली होती. मांडीवर लेहच्या आइस हॉकी शिबिराचा फॉर्म. उद्या सोमवारी तो खेळाच्या कुंदन सरांकडे पोचायला हवा होता. बापानं, दोधूनं, सही केली होती. आईची जागा कोरी होती. 'पूर्वीचे आजार' या रकान्यात रंजितानं स्वतःच लिहून टाकलं होतं, काही नाही. अक्षर वळणदार, काळजीपूर्वक काढलेलं.

डब्यात तांदळाखाली प्लास्टिकच्या पिशवीत एक कार्ड होतं. तीन वर्षं तिथंच होतं. नर्मदा गावची आशाताई. सिकलसेलची कार्डं तिनं घरोघर दिली होती. पांढरं म्हणजे काही नाही, पिवळं म्हणजे वाहक, लाल म्हणजे आजार. दारात बसून, पाणी पिऊन, बायांना समजावून सांगितलं होतं. लपवू नका, ताई. लपवून काय होतं?

आपल्या पोरीला मात्र ती म्हणाली होती, तुन्हं पांढरं शे. रोजची गोळी? ती रक्तवाढीची. गुडघे ठणकतात? ते पडण्यानं.

परवाच उपकेंद्रातल्या सिस्टरनं तिला बाजूला घेतलं होतं. "नर्मदाताई, तिथं वर हवा विरळ असते. हिच्या रक्ताला ते झेपायचं नाही. तुम्हाला मी काय सांगायचं?"

नर्मदानं डब्यात हात घातला. तांदूळ कोपरापर्यंत आला.

"माय, इकडे ये ना. माले अडाव."

"माले काय येस ते?"

"फक्त समोर उभी ऱ्हाय. सर म्हनतस, चेंडूकडे देखानं नही. समोरनाना चेहराकडे देखानं. तो कथा जाई, डावीकडे का उजवीकडे, ते चेहरावर पह्यले दिसस."

पिशवीतलं कार्ड काढून मुठीत धरलं आणि नर्मदा उठली. फॉर्म डब्याच्या झाकणावर ठेवला. पदराला पीठ लागलं होतं, ते तिनं उगाच झटकलं. मग पोरीच्या समोर, फ्लेक्सच्या कडेवर, उभी राहिली.

टक. टक-टक.

तिला ते घामेजलेलं कपाळ पुसावंसं वाटलं. पोरीच्या डोळ्यांतला पांढरा भाग किंचित पिवळा होता. उन्हामुळं असेल, असं ती दोन वर्षं मनाशी म्हणत आली होती. आत्ता ऊन दाराबाहेर होतं.

ती खाली वाकली आणि मुठीतलं कार्ड चार वाट्यांच्या मधोमध ठेवलं. हात लगेच मागे घेतला, चुलीवरून घ्यावा तसा.

"माय, काय ठेवं तू?"

नर्मदा सरळ उभी राहिली.

"मी नही देखाव." रंजिताची नजर वरच होती. चेंडू कार्डापाशी आला, वळसा घालून गेला, परत आला. "लाल शे ना? डोळाना कोपरामा दिसस. बेस व्हयनं. बर्फवर मधली रेघ लालच ऱ्हास."

"बेटा…"

"बोलू नको. तू माले अडाव."

टक. टक.

नर्मदानं एक पाय पुढं टाकला. तेवढंच तिला जमलं. हात बाजूला तसेच लोंबत राहिले. रंजिता तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, सरांनी शिकवलं होतं तशी, डोळे न मिटता. आई डावीकडे जाणार की उजवीकडे, ते शोधत होती.

काठी मंद झाली.

टक.

चेंडू पात्यावरून सुटला, घरंगळत गेला आणि पहिल्यांदाच वाटीवर आदळला. वाटी किणकिणत राहिली. बाहेर नानीबाईचे हात थांबले.

"काय व्हयनं वं? पडनी का पोर?"



रंजितानं अजूनही खाली बघितलं नव्हतं. काठी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. नजर आईच्या चेहऱ्यावरून हलली, आईच्या खांद्यावरून मागे गेली, भिंतीवर थांबली.

"माय," ती हळूच म्हणाली, "दादानं बी लालच व्हतं ना?"