एक पान आड नाही

"हे पाप तुमच्या नियमाचं आहे, अध्यक्षसाहेब," नीता म्हणाली. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या त्या हॉलमधल्या टाळ्या बंद पडल्या.

२००६चा जून. मराठी मंडळाची निसर्ग-छायाचित्रांची स्पर्धा. पहिला नंबर नुकताच जाहीर झाला होता. ओडनवाल्डच्या जंगलातलं घरटं, त्यात पंखही न फुटलेली चार पिल्लं, चोची वासलेली. घशातला लाल रंगसुद्धा दिसत होता. बक्षीस नीताच्या नवऱ्याला, शिरीषला. तो पुष्पगुच्छ धरून तसाच उभा राहिला. ते घरटं त्याला दाखवलं होतं नीतानंच.

"आल्झो, म्हणजे असं बघा नीताताई, नियम साधा आहे," अध्यक्ष हसत म्हणाले. "पक्ष्यासमोर पान आलं की फोटो बाद. तुमचा बाद झाला तो त्यामुळेच. शिरीषचा बघा. एक पान आड नाही."

"कसं असेल? त्यानं फांद्या कापल्या. पानं आड होती म्हणून कावळ्यांना घरटं दिसत नव्हतं."

"हिचा नंबर आला नाही ना," मागून कुणीतरी पुटपुटलं. दोघंतिघं फिदीफिदी हसले. बाकीचे सामोशांकडे वळले. फोटोच्या कडेला कापलेल्या फांदीचं पांढरं टोक ढळढळीत दिसत होतं. परीक्षकांना लेन्स दिसली, फोकस दिसला. टोक नाही दिसलं. बघायचंच नव्हतं.

"अगं, दोनच फांद्या," शिरीष दबक्या आवाजात म्हणाला. "फुटतात परत. घरी बोलू आपण."

"घरी कशाला? हा फोटो मंडळाच्या कॅलेंडरवर जाणार. पुढच्या वर्षी सगळे कात्री घेऊन जंगलात शिरतील. तेव्हाही घरीच बोलायचं?"

"ते छापायला गेलंय," अध्यक्ष म्हणाले. आता ते हसत नव्हते.

नीतानं पर्समधून एक फोटो काढला आणि बक्षिसाच्या फोटोला टेकवून ठेवला. तिनं काढलेला, शिरीषच्या फोटोनंतरच्या शनिवारचा. तीच जागा, तेच घरटं. फांदीचं टोक आता तपकिरी पडलेलं. अध्यक्षांनी चष्मा लावला. वाकून बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"बसतो ना तुमच्या नियमात? एक पान आड नाही," नीता म्हणाली. "मग बोट ठेवून दाखवा. पिल्लं कुठायत?"