उष्टं ताट

माझ्या नवऱ्याच्या थकलेल्या हृदयात नागपूरच्या डॉक्टरांनी जांघेतून नळी घालून स्नायूला ठोका शिकवणारं नवं जनुक सोडलं. दिवाळीपर्यंत हे वणीच्या बाजारातून पायी घरी येऊ लागले. धाप म्हणून लागत नव्हती.

लग्नापासून मी ह्यांच्या उष्ट्या ताटातच जेवते. त्या दुपारी ताटाच्या कडेला ह्यांनी चावून टाकलेला मटणाचा तुकडा होता. मी हात घातला, तर तो फुगला. मग आकसला. पुन्हा फुगला, आणि त्याच्यावरची लाळ चकाकली. शिसारीनं मी हात मागे घेतला.

"अवो, हे हालून राह्यलं!"

ह्यांनी माझा खरकटा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. तोच ठोका.

"आता काहून किळस करून राह्यली? काल तर चाटूनपुसून खाल्लं तुनं."

माझ्या पोटात काहीतरी फुगलं. मग आकसलं.