अनोळखी आकडा

काचीगुड्याच्या ऑफिसात मी अमेरिकेहून फ्लॉपीवर आलेला, चुका शोधणारा डीबगर दुरुस्त करत होते. प्रोग्रॅम कुठल्या संगणकी भाषेत लिहिलाय, ते त्याला फाइलीतल्या एका आकड्यावरून कळायचं. आकडा अनोळखी आला, की तो ओळखीचीच भाषा धरून भलतंच दाखवायचा. शेजारचे मुजीबभाई म्हणाले, "अंदाजा नक्को, मॅडम. नै मालूम बोलके लिखो, नंबर वैसाच रखो, आगे चलने देओ." तसं केलं. घरी, नल्लकुंट्याला, अर्धांगवायूनंतर सासऱ्यांचं बोलणं कुणालाच कळत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, की आम्ही पाणी द्यायचो. ते घोटभर पिऊन गप्प व्हायचे. त्या संध्याकाळी ते बोलू लागले. सासूबाईंनी पेला पुढे केला. मी तो बाजूला ठेवला. "बाबा, मला कळत नाहीये. पण तुम्ही बोला." ते माझ्याकडे वळले. मग बोलतच राहिले. अंधारून आलं, तरी सासूबाई दिवा लावायला उठल्या नाहीत.