अळणी पेज

"मीठ कुणी दिलं हिला?" फुगलेल्या पोटावर टिचकी मारत डॉक्टरांनी विचारलं. "लिव्हर व्रण पडून दगडासारखं झालंय. मीठ खाल्लं की पोटात पाणी साठणारच. बजावलं होतं ना?"

अळणी पेज बघितली की सुंद्रा तोंड फिरवायची, म्हणून केरबाच त्यात गुपचूप मीठ घालत होता. "आज चव आली बघा," म्हणत ती वाटी चाटूनपुसून संपवायची. त्याला वाटायचं, बायको बरी होतेय.

तो तोंड उघडणार तोच सुंद्रा बोलली, "मीच चोरून खाल्लं, डॉक्टरसाहेब. ह्यांना ठावंच न्हाई."

डॉक्टर तिलाच रागावून गेले. केरबा खालमानेनं तिच्या उशाशी बसला. "तुला ठावं हुतं?"

"जिभेला कळत न्हाई व्हय?" ती हसली. "तुमचं मीठ खाल्लंय. जागाया नगं?"