सायलेन्सरची जाळी

ऐक तर खरं! गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका पोरीनं बापाच्या जुन्या मोटारसायकलच्या सायलेन्सरमधली जाळीच काढून टाकली. गाडी अशी धडधडायला लागली, की बाप जाम खूश! "वा गं माझी वाघीण!" शेजारी मात्र कावले.

बाप पिऊन नाक्यावर आला, की आईला ऐकू जावं आणि मागच्या दारानं निसटायला तिला दोन मिनिटं मिळावीत, एवढंच पोरीला हवं होतं. महिनाभर आईच्या अंगावर एक वळ उठला नाही.

काल गाडीचा आवाज आलाच नाही आणि पुढचं दार धाडकन उघडलं. आई ओट्यापाशीच होती. पोर धावत दाराशी आली. बाप झोकांड्या खात म्हणाला,


"शेजारी बोंबलतात गं, म्हणून जाळी परत बसवून घेतली."

सांग, तिच्या जागी तू काय केलं असतंस?