कोपऱ्यातला डाग

विनीताबाईंच्या पत्राला मोडी वाचणाऱ्या निशिकांतरावांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. सांगलीहून आलेल्या त्या पाकिटात मोडीतल्या जुन्या पत्रांच्या झेरॉक्स प्रती होत्या. विनीताबाईंचे पणजोबा नरहर सव्वाशे वर्षांपूर्वी गाणं शिकायला ग्वाल्हेरला गेले, तेव्हा वडिलांनी त्यांना घरून लिहिलेली पत्रं. मुलगा गवई होणार म्हणून आई इतकी रागावली, की निरोप द्यायलाही बाहेर आली नाही, असं घरात सांगत. तिचा राग पुढे गेला का, एवढंच विनीताबाईंना हवं होतं.

निशिकांतरावांनी सगळी पत्रं वाचली. पाऊसपाणी, म्हैस व्याली, प्रकृतीस जपावे. आईचा शब्द कुठेच नाही. तिला लिहिता येत नव्हतं. तसं कळवायला हात उचलेना. आपलंच वाचन कच्चं असेल, असंही वाटे.

आज सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये नातीच्या, राधिकाच्या लग्नपत्रिका टेबलावर पसरल्या होत्या. पत्नी उल्काताई एकेका पत्रिकेच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावत होत्या. पुण्याच्या पाहुण्यांच्या व्हिसासाठी राधिकाने एका पत्रिकेची झेरॉक्स काढून आणली होती.

"आजोबा, बघ ना. कुंकू सगळं ब्लॅक आलंय. स्पॉइल झालं लाह."

निशिकांतराव त्या काळ्या डागाकडे बघत राहिले. मग उठून कपाटातलं पाकीट घेऊन आले. प्रत्येक पत्राच्या वरच्या कोपऱ्यात तसाच डाग होता. इतके दिवस ते त्याला सांडलेली शाई समजत होते.

"खुशालीच्या पत्राला कुंकू कोण लावतं?" ते पुटपुटले. "वडील?"

"तुम्ही लावलंत का आजवर एका तरी पत्रिकेला?" उल्काताई मान वर न करता म्हणाल्या. "जिला लिहिता येत नाही, ती लावते."

विनीताबाईंना लिहिलेलं उत्तर चार ओळींचं झालं. त्यात 'बहुधा' दोनदा आलं होतं. एक त्यांनी खोडलं. ही पत्रं आपल्याला वाचायला दिल्याबद्दल आभार मानले. मग कागद उल्काताईंपुढे नुसता धरला. त्यांनी कोपऱ्यावर बोट टेकवलं.

ब्लॉकखालच्या टपालपेटीत पत्र पडल्याचा आवाज आला. परतताना लिफ्टचं बटण निशिकांतरावांनी डाव्या हाताने दाबलं. उजव्या अंगठ्यावर थोडं कुंकू उतरलं होतं.