शेवटची गाडी

गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा तिच्यापुढे धावणारी बाई धावता धावता थांबली.

एकोणचाळीस किलोमीटरची पाटी नुकतीच मागे पडली होती. पायांची लाकडं झाली होती. पुढच्या रस्त्यावर एकही धावणारा दिसत नव्हता आणि मागे होती फक्त ही बस, मॅरेथॉनची शेवटची गाडी. ठरलेल्या चालीनं येत ती दोनच्या ठोक्याला शेवटच्या रेषेवर पोहोचायची. थकलेल्यांना वाटेत उचलून घ्यायची. ज्याला ती ओलांडून पुढे जाईल, तो बाद.

आज ही गाडी चालवत होता त्या बाईचा नवरा.

ती इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीवर होती. दिवसाला तीनशे चादरी, त्याही उभ्यानं. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं मॅरेथॉनचा फॉर्म भरला, तेव्हा नवरा जेवता जेवता हसला होता. ‘‘बेचाळीस किलोमीटर म्हणजे काय गच्चीवर कपडे वाळत घालणं आहे?’’ मग दीर-नणंदांसमोर म्हणाला, ‘‘काळजी करू नका. शेवटच्या गाडीवर माझीच ड्युटी आहे. घेऊन येईन हिला.’’ सगळे पोट धरधरून हसले. ती दुसऱ्या दिवशी पहाटे उठून धावायला गेली. मग आठ महिने रोज गेली.

आता ती उलटी फिरली आणि ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली. आत वाटेत हरलेली अकरा माणसं बसली होती. सगळ्यांनी माना वळवल्या.

‘‘काय झालं गाडीला?’’

‘‘क्लचचा काहीतरी घोळ आहे.’’

‘‘सव्वीस वर्षं गाडी चालवताय. रस्त्यात बंद पडली असं कधी कानावर आलं नाही. आज तासाभरात तीनदा?’’

तो खिडकीतून वाकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘तू हो पुढे. दहा मिनिटं काढून देतो तुला.’’

हेच तो त्या दिवशी जेवताना बोलला असता, तर तिला रडू आलं असतं. आज कानशिलं तापली.

‘‘हसलात, ते मी ऐकून घेतलं. ही दया नाही घेणार. गाडी चालू करा.’’

‘‘अगं, बाद होशील.’’

‘‘होईन. माझ्या पायांनी होईन.’’

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. किल्ली फिरवली. इंजिन गुणी पोरासारखं पहिल्या हाकेला उठलं.

ती धावू लागली. त्याला धावणं म्हणायचं तर. गाडी तिच्या शेजारी आली आणि हॉर्न न वाजवता पुढे गेली. दारातून स्पर्धेचा शिट्टीवाला अधिकारी वाकला. ‘‘ताई, झालात बाद. आता तरी बसा. लोकांना घरी जायचंय.’’

‘‘बाद झाले ना? मग तुमचा नियम आता मला लागत नाही.’’

अधिकाऱ्यानं दार लावून घेतलं. गाडी दूर गेली. रस्त्यातले अडथळे काढले जात होते, मोकळी झालेली वाहनं मागून घुसत होती. एका स्कूटरवाल्यानं तिला बाजूला हो म्हणून खूण केली. ती फुटपाथवर चढली, पण थांबली नाही.

दोनशे पावलांवर गाडीचे मागचे लाल दिवे लागले. गाडी थांबली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं सांगूनही पुन्हा तेच. चार खरमरीत शब्द तोंडात तयार ठेवूनच ती जवळ पोहोचली. आत अधिकारी ओरडत होता, ‘‘दार उघडू नका. ही बाद झालेली माणसं आहेत.’’

‘‘प्रवाशानं घंटी वाजवली की दार उघडायचं,’’ नवरा शांतपणे म्हणाला. ‘‘आमची नोकरीच ती.’’

आधी उतरले एक निवृत्त हेडमास्तर. एकतिसाव्या किलोमीटरला ते गाडीत बसले होते. त्यांच्यामागून गुडघ्याला पट्टा बांधलेला एक जाडा कारकून आला. तिला थांबायला सवड नव्हती. मास्तरच लंगडत तिच्या बरोबरीला आले.

‘‘बाई, बाद झालेल्यांनी याच फुटपाथनं जायचं ना?’’

‘‘याच. पण रेंगाळायचं नाही.’’

उरलेली वाट तिनं जमिनीकडे बघत कापली. कोपरे आले, चढ आला, मास्तरांचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. मागे बुटांचे आवाज येत होते. किती, ते तिनं मोजलं नाही.

ती पोहोचली तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. कमान उतरवून गुंडाळली होती. पदकांची खोकी टेम्पोत चढली होती. रस्त्यावर पांढऱ्या रंगाची रेषा तेवढी उरली होती, कारण ती काही उचलता येत नव्हती. रेषेवर शिडी टाकून एक मजूर दोऱ्या सोडत होता. त्यानं तिच्या छातीवरचा नंबर पाहिला आणि काही न विचारता शिडी बाजूला ओढली.

तिनं रेषा ओलांडली.

मग तिनं गाडी शोधली. गाडी समोरच उभी होती, वेळेवर पोहोचलेली, दार सताड उघडं. आत अधिकारी एकटाच कागद चाळत बसला होता. बाकडी रिकामी. ड्रायव्हरची जागाही रिकामी. ‘‘ड्रायव्हर गाडी लावून उलटा गेला, मागे राहिलेल्यांना आणायला,’’ अधिकारी कागदांतून मान वर न काढता म्हणाला.

ती वळली. लंगडत, एकमेकांना धरत, अकराच्या अकरा जण रेषा ओलांडत होते. त्यांच्या बरंच मागे गणवेशातला एक माणूस हातात बूट घेऊन, धापा टाकत येत होता.

त्या वर्षीच्या मॅरेथॉनमध्ये सगळ्यांच्या शेवटी रेषा ओलांडली, ती शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरनं.